नाना आणि चौथा खंड

हसनाबादला मी खोली भाड्यानं घेतली, त्याच दिवशी घरमालकानं माझा कायमचा निरोप घेतला.

मी नुकतीच बॅग टेकवून पंखा फिरतो का ते बघत होतो. दारात एक उंचेपुरे म्हातारे येऊन उभे राहिले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. हात जोडून म्हणाले, "सर, येतो आता मी. बोलण्यात काही कमी-जास्त गेलं असंल तर माफी असावी." आमच्यात तोवर एका शब्दाचंही बोलणं झालेलं नव्हतं. खोलीचं सगळं त्यांच्या मुलानं, दत्तानं, ठरवलेलं. मला वाटलं, म्हातारबुवा गावाला निघालेत. मी जालना शहरात वाढलेला; चार माणसांत कसं बोलावं हे आपल्याला चांगलं जमतं, असा माझा तेव्हा समज होता. म्हटलं, "या ना नाना, सावकाश जाऊन या. आणि येताना जमलं तर माझ्यासाठी एक बादली आणा, जरा मोठी बघून. पैसे देतो."

नाना माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिले आणि मान हलवून गेले.

संध्याकाळी दत्ता आला. खाली बघत म्हणाला, "सर, नाना गावाला न्हाई चालले. ते वर चालले." मी घाबरून तब्येतीचं विचारलं. तर म्हणे तब्येत बराबर आहे, साखर नाही, बीपी नाही, पण ते निघालेत. कधी जाणार ते मात्र नक्की नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना भोकरदनच्या एसटीतून उतरले, हातात निळी बादली. माझ्या दाराशी ठेवली आणि म्हणाले, "जाताना कोणाचं काम अडकवून जाऊ न्हाई. हे धरा. आता मोकळा झालो."

निरोप घेण्याचं काम नानांनी मोठ्या शिस्तीनं चालवलं होतं. परतूरला बहीण, अंबडला साडू, जालन्याला जुने मित्र. एसटीनं जायचं, चहा घ्यायचा, हात जोडायचे आणि "येतो" म्हणून परत यायचं. पहिल्या फेरीला बहीण गळ्यात पडून रडली आणि तिनं टोपी-उपरणं दिलं. दुसऱ्या फेरीला नुसता चहा दिला. तिसऱ्या फेरीला ती ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, नाना, तू काय ते एकदाचं पक्कं कर अन् मंग ये, मला दर खेपंला रडायला होत न्हाई. हे नानांनीच मला सांगितलं, आणि अजिबात राग न धरता. वर म्हणाले, "बराबर बोलली. तिचाबी खर्चा होतो."

ह्या सगळ्याच्या मुळाशी नानी होत्या. मी त्यांना पाहिलं नाही. मी गावात यायच्या आधीच्या श्रावणात त्या गेल्या. नाना-नानींची त्या गल्लीत ख्याती होती ती पोथीसाठी. पोथी लावायची म्हणजे वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा. इथं नानी वाचायच्या आणि नाना अर्थ सांगायचे. दर श्रावणात, घराच्या ओट्यावर, अख्खा संसारभर. त्या वर्षी पोथी ऐन लढाईत आलेली असताना नानींना ताप भरला. त्यांनी पोथी मिटली. दोन दिवसांनी पुढं लावू म्हणाल्या आणि त्यातून उठल्याच नाहीत.

नानांनी त्यानंतर पोथीला हात लावला नाही. भाकरी अर्धीवर आली. डॉक्टरनं तपासून दत्ताला सांगितलं की आजार काही नाही, ह्यांनी मनानं चपला घातल्यात. दत्ता माझ्या मागं लागला, "सर, तुम्ही शिकलेले हाव. नानाला कशात तरी गुतवा. न्हाई तर हा माणूस खरंच जाईन."

आता मी काय गुंतवणार? मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, म्हणजे फळ्यावर लिहायचो आणि पोरं मोबाइलवर त्याचा फोटो काढायची. आणि घरी आल्यावर, दार लावून, वयाच्या तिसाव्या वर्षी ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचायचो. हे व्यसन मी लोकांपासून फार लपवून ठेवलं होतं.

थंडीच्या दिवसांत लाइट गेली म्हणून मी उजेडासाठी ओट्यावर येऊन बसलो. हातात एका परदेशी कादंबरीच्या मराठी अनुवादाचा पहिला खंड होता. जालन्याच्या प्रदर्शनात पुस्तकं किलोवर विकत होते, तिथून मी तिन्ही खंड उचलले होते. एकेक खंड उशीएवढा. नाना पलीकडं बसले होते. बराच वेळ त्या जाडीकडं बघून त्यांनी विचारलं, "कोणती पोथी म्हणायची ही?"

मी फाजीलपणा केला. म्हटलं, "पोथीच आहे नाना. एका राजाची."

"पुरी हाये?"

"पुरी आहे. तीन खंड आहेत."

"शेवट हाये ना तिला? बराबर बघितलं?"

"नाना, विकत घेतलीय मी," मी म्हटलं. म्हणजे काय, तर वजन एवढं आहे त्या अर्थी शेवट असणारच. मी शेवट बघितला नव्हता. असल्या कादंबरीचा शेवट आधी बघणारा माणूस मी नव्हे, ह्याचा मला अभिमानच होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर ओटा सारवलेला. माझ्यासाठी पाट, पुस्तकासाठी चौरंग, चौरंगावर धुतलेलं फडकं. दत्ताची बायको मंगल समईची वात सारखी करत होती. गल्लीतल्या पाच-सात बाया येऊन बसल्या होत्या आणि सगळ्यांत पुढं कौसाबाई. ह्या कौसाबाई पोथीला सगळ्यांआधी येत, सगळ्यांआधी झोपत आणि लढाई आली की आपोआप जाग्या होत. नाना पाय धुऊन आले, माझ्या उजव्या हाताला बसले आणि म्हणाले, "वाचा सर. अर्थ मी सांगतो."

मी सांगायला पाहिजे होतं की अहो, ही पोथी नव्हे. पण समई लागलेली, बायांनी पदर घेतलेले. पाय धुऊन या म्हणून नानांनी मला परत उठवलं तेवढंच. मग मी वाचायला लागलो.

गोष्ट अशी. उत्तरेला एक बर्फाचा देश. तिथली आग कोणी तरी चोरून नेलेली. चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, ठिणगी पडत नाही. देशात एक लंगडा ड्रॅगन आहे, त्याच्या पोटातलाही विस्तव गेलेला. राजा मरतो आणि त्याची धाकटी मुलगी तो ड्रॅगन आणि एक म्हातारा शिपाई घेऊन आग परत आणायला निघते. ज्यानं आग चोरली तो काळा सरदार पार पलीकडच्या डोंगरात बसलेला.

अनुवादातली नावं वाचताना माझीच जीभ अडकायची. नानांनी पहिल्याच पानावर ती नावं रद्द केली. राजकन्या ती धाकटी, शिपाई तो शिपाईबुवा, ड्रॅगन म्हणजे ते जनावर आणि काळा सरदार म्हणजे तो डोंगरातला. बायांना लगेच सगळं कळलं. मला स्वतःला ती गोष्ट तेव्हा कुठं नीट कळली.

नानांच्या शंका मात्र मी कधी ऐकल्या नव्हत्या अशा. दहा हजारांचं सैन्य निघालं असं मी जोरात वाचलं, तर नाना म्हणाले, थांबा, ह्यांच्या मागं भाकरी कोण थापतंय? पान उलटून बघा, कोणी बाया हायेत का संगं. मी बघितलं. नव्हत्या. नाना बायांकडं वळून म्हणाले, मंग हे सैन्य हारणार. आणि पुढच्या प्रकरणात ते हरलं. लेखकानं हरण्याचं कारण जादू दिलं होतं, पण ओट्यावर ते कोणी मानलं नाही.

मधे एक जादूगार येतो. काठी आपटली की नदी थांबते असा. नानांना तो पटेना. एवढं येत असंल तर पहिल्या पानावरच आग का आणीत न्हाई, कामून पोरीला थंडीत हिंडवतो? मीही कॉलेजात असताना हीच शंका काढली होती आणि असली पुस्तकं वाचणाऱ्या माझ्या मित्रांनी मला गप्प बसवलं होतं. नाना रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी अर्थ घेऊन आले. म्हणाले, त्याला येतं, पण तो मुद्दाम करीत न्हाई. मी दत्ताला विहिरीत पोहायला सोडलं तवा काठावर उभा होतो. मला पोहता येत न्हाई असं दत्ताला वाटायचं.

दत्ता मागं दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मला आजपण तसंच वाटतंय." बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. आणि त्या दिवशी, मंगलनं मला नंतर सांगितलं, नाना पूर्ण भाकरी जेवले.

आता नियमाचं सांगतो, कारण माझे हाल त्या नियमानं केले.

पहिल्या दिवशी प्रकरण संपलं ते राजाला विष देण्यावर. असली पुस्तकं प्रकरण नेहमी अशाच ठिकाणी तोडतात. मी मोठ्या नाटकीपणानं खंड मिटायला गेलो. नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मरणावर पोथी मिटायची न्हाई."

नियम असा होता: मरण, ताटातूट, कैद, असल्या ठिकाणी वाचन थांबवायचं नाही. कोणी भेटलं, कोणी सुटलं, कोणी पोटभर जेवलं, लेकरू झालं, तिथं थांबायचं. पुढचं ठिकाण शोधायला मी पानं उलटत गेलो. राजापाठोपाठ प्रधान मेला. प्रधानाचा घोडा मेला. घसा सुकला, मंगलच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायला लागला आणि पुस्तकात कोणाचं काही बरं होईना. शेवटी एका शेळीला करडू झालं, अर्ध्या ओळीत. नाना म्हणाले, "चालंल. मिटा."

मग रोज संध्याकाळी शेवटी निवाडा चालायचा. शत्रूच्या घरचं लग्न धरायचं का? नानांचं मत, लग्न ते लग्न. जनावराचं पोट भरलं ते धरायचं का? मी आशेनं थांबलो, तर झोपेतून कौसाबाई म्हणाल्या, "त्यानं कोणाची मेंढरं खाल्ली त्याचं काय?" झालं, पुढं वाचा.

माझं जेवण मंगलकडंच होतं, आणि पोथी मिटल्याशिवाय ताट मिळत नव्हतं. एका बुधवारी पिठल्याचा वास आला. पुस्तकात धाकटी आणि शिपाईबुवा दरीत अडकून उपाशी बसलेले, अजून वीस पानं तरी सुटायचं लक्षण नाही. मी खाली बघत, त्याच आवाजात, पुस्तकात नसलेलं वाचलं: तेवढ्यात एक म्हातारी तिथं आली. तिनं त्यांना गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. दोघं पोटभर जेवली.

आणि खंड मिटला.

मग मंगल म्हणाली, "सर, पण आग तर चोरीला गेली ना? मंग भाकरी गरम कशी?"

माझ्या कानापर्यंत सगळं तापलं. दीड खंड मी आग नाही, आग नाही म्हणून वाचत आलो होतो आणि पिठल्यासाठी सगळा बर्फाचा देश वितळवून बसलो. मी नानांकडं बघितलं. नाना अजिबात न गडबडता बायांकडं वळले.

"ती म्हातारी हद्दीपलीकडची," ते म्हणाले. "तिकडं चुली हायेत. हिकडची पोरं उपाशी हायेत असं तिला कळलं. तिनं भाकरी फडक्यात गुंडाळली, पोटाशी धरली अन् बर्फातून चालत आली. अंगाच्या उबंनं गरम राह्यली ती."

कौसाबाई जाग्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला. त्या कादंबरीतला सगळ्यांत चांगला उतारा तिच्या कोणत्याच खंडात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निळी बादली घेऊन नळावर गेलो, तर नाना तिथं दात घासत बसलेले. म्हणाले, "सर, ती म्हातारी कोणत्या पानावर हाये?"

मी म्हटलं, बघून सांगतो.

"ऱ्हाऊ द्या. सापडायची न्हाई." त्यांनी चूळ भरली. "आमची बी हेच करायची. स्वयंपाकाची येळ झाली की वनवासातली सगळी मंडळी जेवायला बसायची. कधी कधी तर दोनदा."

मी विचारलं, तुम्हाला कळायचं कसं? ते म्हणाले, वाचताना माणूस ओळीकडं बघतो अन् रचताना चुलीकडं. ती चुलीकडं बघायची, तुम्ही मंगलच्या दाराकडं बघता.

"मग नानींना कधी म्हणाला नाहीत?"

"कामून म्हणायचं? तिनं जेवू घातलं की मी अर्थ लावायचो. तिला वाटायचं ह्याला कळत न्हाई." नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहायला लागली, तरी मी तशीच वाहू दिली. "शेवटच्या दिवशी तेवढं तिनं रचलं न्हाई, सर. ताप होता. लढाईतच मिटली. मी शेजारी बसलेलो. मी तरी एखादा घास घालायला पाहिजे होता त्यात."

म्हणजे नानांच्या मनात पोथी नानींनी नव्हे, त्यांनी स्वतः मिटली होती. दत्ताला, डॉक्टरला, परतूरच्या बहिणीला हे माहीत नव्हतं. त्यानंतर मी संध्याकाळी हवं तेव्हा गोष्टीत जेवणं घातली, फक्त थंड घातली. नाना अर्थ लावत गेले. महिना-दीड महिना निरोपाची एकही फेरी झाली नाही.

तिसऱ्या खंडाचा शेवट आला तो होळीच्या आसपास. समाप्ती म्हणून दत्तानं नारळ आणला, मंगलनं प्रसादाचा शिरा केला आणि कौसाबाई घडीचं लुगडं नेसून आल्या. वाचणाऱ्यानं पुढचं चोरून वाचायचं नाही हाही एक नियम होता, म्हणून मलाही शेवट माहीत नव्हता. उरलेली पानं बोटात पातळ लागत होती आणि गोष्ट तर अजून जाडच होती. मला तिथंच शंका यायला पाहिजे होती.

धाकटी डोंगराच्या दारात पोचते. जनावराला दारातून आत जाता येत नाही. शिपाईबुवा मागं लढाईत पडलेला. ती एकटीच आत शिरते आणि दार मागं बंद होतं. काळोख. आणि त्या काळोखात कोणी तरी तिच्या नावानं तिला हाक मारतं.

त्याखाली बारीक अक्षरात होतं, तेही मी त्याच ओघात मोठ्यानं वाचून गेलो: तिसरा खंड समाप्त. पुढील कथाभाग चौथ्या खंडात.

मी पान उलटलं. पलीकडं त्याच प्रकाशकाच्या लोणच्यांच्या पुस्तकाची जाहिरात होती. मी मोबाइल काढला आणि तिथंच बसून शोधलं. चौथा खंड लेखकानं अजून लिहिलेलाच नव्हता. कित्येक वर्षं लिहितोय, आणि मनासारखा होत नाही म्हणतोय.

पुरी आहे, असं मी नानांना एकदा नव्हे, विचारलं तितक्या वेळा सांगितलं होतं. ह्या माणसाच्या हातून एक पोथी मोडली तर तो चपला घालून बसला. दुसरी मी मोडून दिली. दत्ता दारातून माझ्याकडं बघत होता, त्यालाही कळलं होतं. मी घाईघाईनं तोंड उघडलं. "नाना, पुढचं मी सांगतो. एवढ्यात दार उघडलं आणि..."

"थांबा, सर." नानांनी उघड्या पानावर हात ठेवला. "रोजची भूक भागवायला तुमचं चालतं. शेवट ज्याचा त्याला करू द्या." मग विचारलं, "लिहिणारा जिता हाये ना?"

"आहे."

"वय?"

"तुमच्याएवढंच असेल."

नाना बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिले. तोवर माझे जालन्यातले सगळे हृदयाचे डॉक्टर आठवून झाले होते. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि खंड न मिटता, उघड्याच पानांवर पसरून ठेवलं.

"हे असंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "कोणी मिटायचं न्हाई."

कौसाबाईंनी विचारलं, मंग शिरा वाटायचा का न्हाई? नानांनी निवाडा दिला, वाटा, पण समाप्तीचा म्हणून नको, मुक्कामाचा म्हणून वाटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर नाना नाहीत. धुतलेलं धोतर नेसून पहिल्या एसटीनं परतूरला गेलेले. दत्ता आणि मी दिवसभर एकमेकांशी बोललो नाही. मी कॉलेजात काय शिकवलं ते पोरांना आठवत असेल तर त्यांनाच ठाऊक. दिवेलागणीला नाना उतरले, काखेत नवी टोपी आणि उपरणं. पाय धुता धुता म्हणाले, "बहिणीला सांगून आलो, सध्या माझं काही जमत न्हाई. काम राह्यलंय." तिसऱ्या फेरीला ज्वारीतून मान वर न काढलेली बहीण, हे ऐकल्यावर म्हणे ओसरीत बसून रडली.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी हसनाबाद सोडलं, अंबडच्या कॉलेजात लागलो, लग्न केलं. मधे डोळ्याचं ऑपरेशन करून नाना चष्म्यावर वाचायला लागले, पण तिन्ही खंड त्यांनी स्वतः उघडून बघितले नाहीत. म्हणे दोघांचं काम आहे ते. तिसरा खंड त्याच ओट्याच्या आतल्या खोलीत, चौरंगावर, उपरण्याखाली उघडा पडलेला आहे. मंगल त्याच्या कडेकडेनं झाडते. दर रविवारी सकाळी नानांचा फोन येतो, आणि हॅलोच्या जागी ते म्हणतात, "आली का?"

मी म्हणतो, "न्हाई नाना. अजून लिहून राह्यलाय तो."

मग ते आठवडाभर केलेला विचार सांगतात. आत हाक मारणारा कोण, हा त्यांचा मुख्य विषय. आधी त्यांना वाटायचं राजाच असेल, मेलाच नसेल. नंतर काही महिने शिपाईबुवावर संशय होता. आता ते ठाम आहेत की हाक त्या डोंगरातल्याचीच. "एवढा मोठा डोंगर सर, अन् बोलायला आत कोणी न्हाई. त्यानं आग काय लढायला चोरली असंल का? उबेला चोरली. मी असतो तर मीबी चोरली असती." परवा परवा त्यांनी ह्यात भर घातली, की पोरीनं त्याच्याशी भांडू नये, आधी जरा बसावं त्याच्यापाशी.

गेल्या दिवाळीत चौथा खंड आला. मराठीत. मी ह्या खेपेला पूर्ण किमतीला घेतला आणि दुकानातच शेवटचं पान उघडून, न वाचता, फक्त 'समाप्त' हा शब्द आहे का ते बघितलं. आहे. पुढं जाहिरात नाही, काही नाही.

घरी आणून तो मी थंडीच्या रजयांखाली ठेवला. बायकोला हे पटत नाही. ती म्हणते, एवढी वर्षं वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फसवताय. मी तिला म्हणतो, फसवतोय खरा. पण नेऊन दिला तर मला पाय धुऊन बसावं लागेल, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी कितीही जेवणं घातली तरी हा खंड एक दिवस मिटणार. मी तो स्वतःही वाचलेला नाही. अर्थ सांगायला कोणी नसताना वाचून काय कळणार आहे?

दिवाळीच्या सुट्टीतच मंगलचा फोन आला होता. हळू आवाजात म्हणाली, "सर, मोबाइलमधी बघितलं, आलंय म्हणे ते पुस्तक." मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "कौसाबाईला पण सांगितलं न्हाई मी. तुम्ही बी काही बोलू नका."

गेल्या रविवारी फोन आला. "आली का?"

"न्हाई नाना."

पलीकडं कोणी तरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मंगल बी रोज मोबाइलमधी बघती," ते म्हणाले. "तिला बी सापडंना."

"सापडेल नाना."

"सापडंल की," नाना म्हणाले, आणि मला वाटतं ते हसले. "तुम्ही शोधायची लई घाई करू नका, सर."